लाल शाईतलं ‘केले’

गेल्या डिसेंबरात एक बाई आधी फोन करून घरी आल्या. माझा नंबर त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत कुणाच्या तरी मागे लागून मिळवला होता. साताऱ्याहून एसटीने आल्या, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सुतळीने बांधलेली जाडजूड फाईल. “अण्णांची आहे, माझ्या वडिलांची,” म्हणाल्या. “मागच्या पावसाळ्यात गेले ते. कपाट आवरताना ही निघाली. रद्दीत घालायचं जिवावर आलं, म्हटलं ज्यांचं आहे त्यांना देऊन टाकावं.” मी सुतळी सोडली. आत जुन्या दिनदर्शिकांची पानं होती. त्यांच्या कोऱ्या पाठीवर खळ लावून चिकटवलेली कात्रणं, आणि एकूण एक माझी. खळ पिवळी पडलेली, कागदाला फुगवटे आलेले, सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. काही कात्रणांच्या समासात बारीक पेन्सिलीने आकडेमोड केलेली, आणि काहींच्या खाली लाल शाईत एकच शब्द: ‘केले.’ शब्दापुढे ठसठशीत टिंब. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं टिंब होतं ते. प्रकरण निकाली काढल्याचं.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या पैशावर लिहिलं, पण ते लिहिणं कुठे जातं हे आम्हाला कधी कळत नाही. कवीला निदान कुणी ओळ म्हणून दाखवतं. ‘मुदत ठेव की मासिक उत्पन्न योजना’ हा लेख आवडला म्हणून कुणी हात हातात घेत नाही. इथे एका माणसाने सोमवारमागून सोमवार मला कात्रीने कापून जपून ठेवलं होतं. एका कात्रणात मी 72 चा नियम सांगितला होता: व्याजाच्या दराने 72 ला भागा, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट. पीपीएफ या सरकारी बचत योजनेला तेव्हा 12 टक्के व्याज होतं. समासात अण्णांनी 72 भागिले 12 करून 6 काढले होते आणि सहाभोवती गोल केला होता. 2000 च्या जानेवारीत तो दर खाली आला आणि मग येतच राहिला. 2020 पासून 7.1 आहे, म्हणजे त्याच गोलात आता 10 लिहावे लागतील. नियम बरोबर आहे, उत्तर शिळं झालंय. आमच्या लिहिण्याचं बहुतेक असंच होतं.

मग ते पान आलं.

हेडिंग होतं: ‘खात्याला वारस लावलात का?’ खाली माझा मजकूर, त्याखाली लाल ‘केले.’ बाई चहाचा कप बशीत ठेवत म्हणाल्या, “यावरनंच जरा आमच्यात वाजलंय.” सगळ्या ठेवींना अण्णांनी दादाचं नाव लावलं होतं. पोस्टात दादा, बँकेत दादा, पतसंस्थेत दादा. सगळे मिळून 11 लाखांच्या आसपास. दादाचं म्हणणं, अण्णांनी वारस मलाच लावलंय आणि ते काही लहरीने नाही, पेपर वाचून लावलंय. वर हक्कसोडपत्रावर सही मागतोय, घराच्या भिंती आहेत ना अजून. “मी नाहीही म्हणाले नाही आणि सहीही केली नाही,” बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार अशी नव्हती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच “तुमचा त्यात काय दोष” असंही म्हणून टाकलं. बसची वेळ झाली म्हणून उठल्या, चप्पल घालताना म्हणाल्या, “फाईल राहू दे तुमच्याकडंच.”

त्या गेल्यावर मी ते हेडिंग किती वेळ बघत बसले कोण जाणे. ‘वारस’ हा शब्द माझा नव्हता. कॉपीत मी ‘नामनिर्देशन’ लिहिलं होतं, कारण सरकारी कागदावर तेच असतं. पान लावणाऱ्याने मला रात्री आठला डेस्कवर बोलावलं आणि म्हणाला, मॅडम, हा तुमचा मालगाडीसारखा शब्द दीड कॉलमात बसत नाही. आणि बसवला तरी वाचणार कोण? लोक काय म्हणतात? लोक ‘वारस लावला’ म्हणतात. बँकेच्या काऊंटरवर क्लार्क विचारतो, “वारस कोण लावू?” आणि समोरची आजी नातवाचं नाव सांगते. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, लोकांचाच शब्द घे. तेव्हा मला लोकांच्या भाषेत लिहायची फार हौस होती. समभाग न म्हणता शेअर म्हणायचं, म्युच्युअल फंडाला परस्पर निधी तर मेले तरी म्हणायचं नाही. पण ‘वारस’च्या बाबतीत लोकांची भाषाच चुकीची आहे, त्या एका शब्दाने मराठी घराघरांतून भांडणं लावून ठेवली आहेत, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस. बँकेला पैसे कुणाच्या तरी ओंजळीत टाकून मोकळं व्हायचं असतं, ती ओंजळ त्याची. त्या पैशाचे मालक कोण हे ठरतं मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. आणि वडिलांनी कमावलेल्या, मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या पैशात मुलीला मुलाइतकाच वाटा हिंदू वारसा कायद्याने 1956 पासून दिलेला आहे. विम्याच्या पैशाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं होतं की नॉमिनी नुसता हाती घेणारा. मला हे ठाऊक होतं. मग लेखात का नाही?

लेखात होतं. शेवटच्या परिच्छेदात होतं. निदान माझी तशी समजूत आहे. आमच्या सदराखाली जाहिरातीची जागा असायची, आणि जाहिरात दोन सेंटिमीटरने वाढून आली की मजकूर खालून कापायचा हा डेस्कचा नियम. बातमीला तो शोभतो, कारण बातमीचा जीव वरच्या दोन ओळींत असतो. पैशाच्या सल्ल्याचं उलटं आहे. वर ‘हे करा’ असतं, आणि खाली ‘मात्र’. सगळे ‘मात्र’, ‘परंतु’, ‘अपवाद असा की’ तळाशी बसलेले, म्हणजे नेमके कात्रीखाली. किती वर्षं मी वरचा शहाणपणा छापून आणला आणि खालचा कचऱ्याच्या डब्यात गेला, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. हिशेबाचं लिहिणारी बाई!

या प्रांतात मी ठरवून आले नाही. 1992 मध्ये उपसंपादक म्हणून लागले, ते वर्ष कसलं होतं हे सांगायला नको. एप्रिलच्या 23 तारखेला पत्रकार सुचेता दलाल यांची शेअर घोटाळ्याची बातमी आली आणि तोवर ज्याच्या गाडीच्या गोष्टी आमचा कॅन्टीनवालाही सांगत होता तो हर्षद मेहता एका दिवसात खलनायक झाला. 9 हजारांपर्यंत चढलेल्या एसीसी सिमेंटच्या शेअरच्या आठवणी काढून माणसं सुस्कारे टाकत होती. आमच्या वरिष्ठांना अर्थविषयक पानावर मोठमोठं विश्लेषण हवं होतं, ते करायला मोठमोठी माणसं होती. त्यातल्या एकांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, “तू बी.कॉम. ना? मग लोकांना ते पासबुक-बिसबुक समजावून सांग.” तो ‘बिसबुक’ मला अजून ऐकू येतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण म्हणजे पत्रकारिता, आणि विधवा बाईला नवऱ्याच्या खात्यातून पैसे कसे मिळतील हे सांगणं म्हणजे पाककृतीच्या शेजारचा मजकूर. मी मान खाली घालून पासबुक-बिसबुक लिहायला लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात पोस्टकार्डं यायला लागली.

ती पोस्टकार्डं हे माझं खरं विद्यापीठ. ‘आदरणीय सर’ अशी सुरुवात, कारण सदरावर मी आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच छापत असे. पैशाचं लिहिणारी बाई असेल अशी शंकाही कुणाला येत नसे, आणि मीही ती येऊ देत नव्हते. पुढे कधीतरी अमेरिकेतल्या सिल्व्हिया पोर्टरबद्दल वाचलं. 1929 च्या शेअर बाजाराच्या पडझडीत तिच्या आईचे पैसे बुडाले, त्या धक्क्यातून मुलगी अर्थशास्त्राकडे वळली, आणि न्यूयॉर्क पोस्टमध्ये ‘एस. एफ. पोर्टर’ या नावाने लिहू लागली. वाचक तिला पुरुषच समजत. 1960 मध्ये ती ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आली. मला वाचून बरं वाटलं आणि थोडी चीडही आली, की साठ वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, मी अजून आद्याक्षरांमागे लपून होते. एका पत्रलेखकाने मात्र ओळखलं होतं. त्याने लिहिलं, ‘बाई, तुम्ही गॅसच्या टाकीचा खर्च बरोबर धरता, म्हणून कळलं.’

पत्रांतला प्रश्न कधीच प्रश्नाइतका नसे. ‘दोन लाख कुठे गुंतवू?’ असं पहिल्या ओळीत, आणि मग खाली कोपऱ्यात, अक्षर लहान करत करत, की पैसे मुलाच्या अपघाताचे आले आहेत. किंवा, नवऱ्याला न सांगता साठवलेत, तेव्हा घरी पत्र पाठवू नये. मी उत्तर द्यायचे ते पहिल्या ओळीला. सहाशे शब्दांत दुसरं काय मावणार? चांगल्या सल्लागाराचं निम्मं काम समोरच्याला उलट प्रश्न विचारणं हे असतं, आणि वर्तमानपत्राला उलट प्रश्न विचारता येत नाही. म्हणून आम्ही एक सरासरी वाचक कल्पून त्याला सल्ला देत राहतो. वय 40, दोन मुलं, पगारी नोकरी, घरात सगळं आलबेल. असा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

नव्वदच्या दशकातल्या साग लागवडीच्या योजना आठवतात? झाड तुमच्या नावावर, वीस वर्षांनी लाखो रुपये. मी त्यावर खरमरीत लिहिलं, रोपाला वर्षाला किती पाणी लागतं इथपासून गणित मांडून. लेख छापून आला आणि त्याच पानावर, माझ्याच सदराच्या पायाशी, हिरव्यागार सागाची चार कॉलमी जाहिरात. जाहिरात विभागातल्या माणसाने दुसऱ्या दिवशी मला चहा पाजला आणि म्हणाला, तुम्ही लिहा हो, आम्ही कुठे अडवतो, फक्त नावं घेऊ नका. मी नावं घेतली नाहीत. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने अशा योजनांसाठी नियम आणले ते 1999 मध्ये, तोवर कितीतरी जणांची झाडं कागदावरच वाळली होती. अण्णांच्या फाईलमध्ये तो लेख आहे का, हे मी धडधडत्या छातीने पाहिलं. आहे. त्यावर ‘केले’ नाही. समासात फक्त ‘ठीक’ असं लिहिलंय, आणि कात्रण कापताना खालची जाहिरात नेमकी वगळलीय. त्या एका ‘ठीक’ने मला जे समाधान दिलं ते माझ्या पुस्तकाने दिलं नाही. पुस्तक 2003 मध्ये निघालं, निवडक लेखांचं. प्रकाशकांनी हौसेने काढलं. पण छपाईला जाईपर्यंत त्यातले व्याजदर दोनदा बदलले, आणि आता ते फुटपाथवर दिसलं की मी दुसऱ्या बाजूला बघते. ठेव विम्याच्या प्रकरणात ठळक अक्षरात लिहिलंय की बँक बुडाली तर 1 लाखापर्यंत हमी. 2020 च्या फेब्रुवारीपासून ती 5 लाख आहे. कुणी वाचलंच तर निदान उगाच घाबरेल, एवढंच नुकसान.

हल्ली भाचा मागे लागतो, मावशी रील कर. तीस सेकंदांत एक टीप. मी म्हणते, तीस सेकंदांत ‘मात्र’ कुठे घालू? तो म्हणतो, कॅप्शनमध्ये. म्हणजे पुन्हा खाली.

रात्री जेवण झाल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. जुन्या कॉप्या मी दोनशे पानी वह्यांत आधी कच्च्या लिहीत असे. फाईलमधलं ते पान 1998 च्या ऑगस्टचं, म्हणजे लेख त्याच्या आसपासचा असणार. तीन वह्या चाळल्यावर सापडला. सुरुवात तीच. मग ‘एका खात्याला एकच नाव लावता येतं’, हे बँकेपुरतं खरंच होतं तेव्हा. मग ‘जो मुलगा जवळ राहतो, धावपळ करू शकतो, त्याचं नाव लावणं सोयीचं’. मुलगा. मूल नव्हे, अपत्य नव्हे. लिहून गेले मी, बाई असून. आणि शेवटचा परिच्छेद, ज्याच्या जोरावर मी संध्याकाळपासून डेस्कच्या कात्रीला दोष देत होते, तो असा होता: ‘नामनिर्देशन आणि वारसाहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याविषयी पुन्हा कधीतरी.’

एवढंच. दोन वाक्यं, आणि त्यातलंही दुसरं पुढे ढकलणारं.

ते ‘पुन्हा कधीतरी’ यायला सहा वर्षं लागली. 2004 मध्ये मी पूर्ण लेख लिहिला, ‘नॉमिनी म्हणजे वारस नव्हे’, या वेळी हेडिंगसाठी डेस्कवर भांडून. त्यात मृत्युपत्र कसं करायचं ते सगळं होतं: साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. (माझं स्वतःचं मृत्युपत्र 2011 पासून कच्चं पडलंय. प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवर माझ्या वडिलांचं नाव ते गेल्यावरही सात वर्षं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.) पुढे कायद्यातही कोलांट्या झाल्या. शेअरच्या बाबतीत नॉमिनीच मालक, असा एक निकाल मुंबई उच्च न्यायालयात 2010 मध्ये लागला. तो मोठ्या पीठाने 2016 मध्ये फिरवला, आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर-फंडांनाही तोच न्याय लावला, की नॉमिनी वेगळा, वारस वेगळा. मी प्रत्येक वळणावर लेख लिहिला. पण मला खात्री होती की साताऱ्यातल्या त्या घरापर्यंत पोचला तो फक्त पहिला. पेपर बंद केला असेल, दृष्टी गेली असेल, त्या सोमवारी परगावी असतील. मनात मी बाईंना फोनवर काय सांगायचं ते जुळवत होते, आणि हात आपले पानं उलटत होते.

फाईलच्या शेवटाकडे, दिनदर्शिकेच्या एका मे महिन्याच्या पाठीवर, 2004 चा लेख होता. नीट कापलेला, चारही कोपरे काटकोनात. ‘दोन साक्षीदार’ या शब्दांखाली पट्टी धरून रेघ मारलेली. खाली लाल शाई. या वेळी ‘केले’ नाही, ‘ठीक’ही नाही.

‘पाहू’

पुढे टिंब नव्हतं. सगळ्या फाईलीत टिंब न दिलेला तो एकच शेरा.

म्हणजे अण्णांनी वाचलं होतं. समजलं होतं, रेघ मारण्याइतकं. त्यानंतर ते एकवीस वर्षं जगले. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याची लगोलग लाज वाटली. त्या एकवीस वर्षांत कितीदा त्यांनी ते पान काढून ठेवून दिलं असेल? मुलापुढे मुलीचं नाव काढायचं धाडस झालं नसेल, की मृत्युपत्र म्हटलं की घरात ‘अभद्र बोलू नका’ म्हणून सगळे अंगावर आले असतील, की त्यांना दादालाच द्यायचं होतं आणि तसं लिहून द्यायला हात धजावला नाही? पेन्सिलीची आकडेमोड त्या पानावर कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. मागे कुकरची शिट्टी होत होती. मी म्हटलं, फाईलमध्ये शेवटी एक पान आहे, तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं. त्या म्हणाल्या, “मे महिन्याचं ना? पाहिलंय मी ते, मॅडम. म्हणून तर तुमच्याकडं आणून दिली. घरात ठेवली असती तर रोज काढून बघत बसले असते.” मग थोडं थांबून, आवाज बदलून, “एक विचारायचं राहिलंच. माझ्या खात्याला थोरल्याचं नाव लावलंय. धाकटीचं पण लावता येतं का हो?” म्हटलं, येतं, 2025 च्या नोव्हेंबरपासून बँकेत चार जणांपर्यंत लावता येतं, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. त्यांनी ते कुठेतरी टिपून घेतलं असावं, कारण पेन हुडकल्याचा आवाज आला. “मात्र,” मी म्हटलं, “त्यासोबत मृत्युपत्रही करून टाका. साध्या कागदावर होतं.”

“हो, हो,” त्या म्हणाल्या. “बघू.”